दूधभाताचे चार घास

"रडायचं न्हाई हां, अव्वा. एक टिप्पूसबी न्हाई," मी तिसऱ्यांदा बजावलं.

अव्वा जात्यापाशी बसून गहू दळत होती. आमच्या शिरोळ भागात, कर्नाटकाच्या हद्दीला खेटून असलेल्या जैनांच्या घरी, आईला अव्वा म्हणतात. तिला हृदयाचं दुखणं होतं, पायांवर सूज होती, डॉक्टरांनी पाण्याची घागरसुद्धा उचलू नका म्हणून सांगितलं होतं, आणि ही बाई पहाटेपासून जातं ओढत होती. का, तर गिरणीचं पीठ चालत नाही.

"मी कशाला रडू?" ती म्हणाली. "लेक येणाराय माझी. सणाच्या दिवशी कोण रडतंय व्हय?"

"लेक न्हवं. माताजी."

"तेच की."

"तेच न्हाई, म्हणून तर सांगतेय. तू लेक म्हणून बघितलंस की तुझ्या डोळ्यांत पाणी येणार. आन् पाणी आलं की ती उपाशी उठणार. मग बस आयुष्यभर उगाळत."

अव्वानं जात्यात मूठभर गहू टाकले. "आयुष्यभर म्हंजे किती गं? दिवाळीपातुर?" असं म्हणून ती हसली. तिला स्वतःच्या मरणाची चेष्टा करता येत होती, मला नाही.

ही गोष्ट तेवीस वर्षांपूर्वीच्या वैशाखातली. माझी थोरली बहीण अंजना, आमची आक्का, त्याच्याही अठरा वर्षं आधी दीक्षा घेऊन घरातून गेली होती. ती आता आर्यिका निर्मोहमती माताजी झाली होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा संघ पायी चालत आमच्या गावी येत होता. मुक्काम दोनच दिवसांचा. अव्वाचं एकच मागणं होतं, मरायच्या आधी एकदा लेकीला आपल्या हातानं जेवू घालायचं.

ऐकणाऱ्याला वाटेल, त्यात काय मोठंसं? मोठंसं होतं. माताजी दिवसातून एकदाच जेवतात, पाणीसुद्धा तेव्हाच पितात. ताट नाही, वाटी नाही. ओंजळीत जे घालाल तेच. ओंजळीत केस सापडला, मुंगी सापडली की जेवण तिथंच संपतं. जवळ कुणी दुःखानं रडलं, किंवा खुद्द माताजींच्याच डोळ्यांतून पाणी आलं, तरी संपतं. याला अंतराय म्हणतात. अंतराय झाला की दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंब नाही, मग वैशाख असो की शिमगा.

आणि त्याच्याही आधी एक गाठ असते. बसदीतून, म्हणजे आमच्या देवळातून, जेवायला निघताना माताजी मनाशी एक नेम धरतात. हातात आंबा घेतलेली बाई दारात दिसली तरच थांबेन, किंवा हिरवं लुगडं दिसलं तरच थांबेन, असं काहीही. तो नेम कुणाला सांगायचा नसतो. ज्या दारात जुळेल तिथं जेवायचं, कुठंच जुळला नाही तर उपाशी परत जायचं. म्हणून आहार द्यायची इच्छा असलेलं घर न घर पाण्यानं भरलेला कलश, नारळ, फळं घेऊन दारात उभं राहतं, आणि आपलं नशीब कसं निघतं ते बघतं.

मला हे सगळं मान्य नव्हतं. मी गावच्या दूध संस्थेत फॅट काढायला होते. सकाळ-संध्याकाळ लोकांचं दूध तपासून कुणी किती पाणी घातलंय ते तोंडावर सांगायचं, हे माझं काम, त्यामुळे जीभ आधीच तिखट झालेली. त्यात आमचे वडील, अण्णा, गेल्यावर अव्वाला एकटीला टाकून जायचं कसं, म्हणून माझं लग्न राहूनच गेलं होतं. आक्काच्या दीक्षेला हत्ती आणला होता. नवरीसारखी सजवून तिची गावभर मिरवणूक काढली, आणि मग मांडवात हजार माणसांसमोर तिचे लांब केस मुठीमुठीनं हातानं उपटले. मी पंधरा वर्षांची होते. लोक जयजयकार करत होते आणि अव्वा पदर पसरून ते केस झेलत होती. मी घरी राहिले, शेण काढलं, धारा काढल्या, अव्वाच्या गोळ्या वेळेवर दिल्या. माझी मिरवणूक काही निघाली नाही.

"तू उभी ऱ्हाशील न्हवं दारात?" अव्वानं जातं थांबवून विचारलं.

"न्हाई. भात शिजवून देते, दूध काढून देते. दारात उभं राहून ते ‘शुद्ध हाय, शुद्ध हाय’ म्हणायला मला जमायचं न्हाई."

"बरं," ती म्हणाली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

शेजारची चंपाक्का मगदूम मदतीला आली होती. साठीची, काटक, सोवळ्याओवळ्यात कडक. गावात कुठल्याही घरी चौका लागला, म्हणजे माताजींसाठी शुद्ध स्वयंपाक मांडला, की चंपाक्का तिथं हजर. तिनं विहिरीचं पाणी दोनदा गाळून घेतलं, माझ्या डोक्याला घट्ट फडकं बांधलं आणि म्हणाली, "केस बाहेर दिसला तर टक्कल करीन." अव्वानं आदल्या दिवसापासून हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर, करायचा बेत केला होता, आक्काला लहानपणी आवडायची म्हणून. चंपाक्कानं सांगितलं, "माताजींनी गूळ-साखर सोडलीय. मीठबी सोडलंय." अव्वानं हुग्गीचे गहू बाजूला सारले आणि म्हणाली, "मग दूधभात. न्हाईतरी ती दूधभातावरच वाढलीय." दूध काढल्यापासून पाऊण तासाच्या आत तापवावं लागतं. ते काम माझं.

दहाच्या सुमाराला गल्लीत गडबड झाली. मी मागच्या गोठ्याच्या पायरीवर बसले होते. तिथून घराच्या आरपार पुढचं दार दिसायचं. अव्वा एकटी दारात उभी होती, दोन्ही हातांत कलश, कलशावर नारळ. तिच्या पलीकडे ऊन होतं, आणि त्या उन्हातून पांढऱ्या साडीतली एक बाई चालत आली. उजवा हात खांद्याला लावलेला, ही आहाराला निघाल्याची खूण, डाव्या हातात मोरपिसांची पिंछी.

"हे माताजी, वंदामि, वंदामि, वंदामि!" अव्वाचा आवाज इतका मोठा निघेल असं मला वाटलं नव्हतं. "अत्र तिष्ठ, तिष्ठ! आहार-जल शुद्ध हाय!"

आक्का थांबल्यासारखी झाली. तिनं अव्वाच्या हातांतल्या कलशाकडे पाहिलं. मग तिची नजर अव्वाच्या खांद्यावरून आत आली, माजघरातून, स्वयंपाकघरातून, थेट गोठ्याच्या दारापर्यंत. मला वाटलं, घर बघतेय. आणि ती पुढे निघून गेली.

तीन गल्ल्या फिरली, कुठंच थांबली नाही. बरोबरच्या बाकीच्या माताजींचे आहार झाले. निर्मोहमती माताजी उपाशी बसदीत परतल्या, असं चंपाक्का सांगत आली. अव्वा अजून दारातच उभी होती. मी तिच्या हातातून कलश काढून घेतला तेव्हा तिची बोटं उघडेनात.

"माझंच काय तरी चुकलं आसंल," ती म्हणाली. "हिरवं लुगडं नेसाय पाहिजे होतं."

दुपारी मी तडक बसदीत गेले. दगडी ओसरीवर आक्का पाटावर बसली होती, समोर लाकडी घोडीवर पोथी. अडतिसाव्या वर्षी तिचा चेहरा उन्हानं करपून गेला होता, टाचांना भेगा पडल्या होत्या, पण डोळे तेच, वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीचे. थोड्या अंतरावर संघातल्या एक ब्रह्मचारिणी दीदी जप करत होत्या.

"वंदामि," मी उभ्याउभ्याच म्हटलं.

"बस, राजमती."

"आक्का..."

दीदींनी चमकून वर पाहिलं. आक्का त्यांना म्हणाली, "म्हणू दे तिला." मग माझ्याकडे वळून, "तू म्हण आक्का. मी ओ देणार नाही, एवढंच."

बोलणं पुस्तकातलं झालं होतं. आमच्या घरची भाषा तिनं केसांबरोबरच टाकली असावी.

"अव्वाचे पाय बघितलेस?" मी विचारलं.

"बघितले."

"डॉक्टर म्हणालाय, दिवाळी बघायची न्हाई. तुझा नेम काय हाय तेवढा सांग. जे म्हणशील ते घेऊन तिला उभी करते."

"सांगितला तर तो नेम कसला?"

"मग असा धर की आमच्या दारात जुळंल! तुझ्या मनातलं कुणाला कळतंय?"

"मला कळतं ना," ती शांतपणे म्हणाली.

मला संताप आला. "तू उपाशी मरायलीस, ती वाट बघून मरायलीय, आन् मधे हा तुझा धर्म उभा. काय दिलं गं तुला ह्यानं?"

तिला राग येईल असं मला वाटलं होतं. ती विचार करायला लागली, खरंच कुणी प्रश्न विचारल्यासारखी.

"दहावीला मी पहिली आले, तेव्हा अण्णांनी माझी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली," ती म्हणाली. "संघात गेले त्या दिवशी मोठ्या माताजींनी माझ्या हातात पुस्तक दिलं. पोरीच्या जातीला काय करायचंय, असं कुणी विचारलं नाही. चार भाषा शिकले. चार राज्यं पायांनी चालले. घरी असते तर मी या गल्लीतून त्या गल्लीत गेले असते, नांदायला."

"आन् घेतलं काय ह्यानं?"

"ते तू सांगतेच आहेस."

मी उठले, तेव्हा तिनं विचारलं, "सकाळी तू कुठं होतीस?"

"गोठ्यात."

"हं," ती म्हणाली आणि पोथीचं पान उलटलं.

दुसरा दिवस शेवटचा. संध्याकाळी संघ पुढच्या गावाला निघणार होता. अव्वानं पहाटेच हिरवं लुगडं काढलं. तिला चार पावलं टाकली की धाप लागत होती, तरी जात्यावर बसायला निघाली. चंपाक्कानं हाताला धरून तिला बाजूला केलं आणि स्वतः दळायला बसली. दहा वाजायला आले, तेव्हा अव्वा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"राजे, अंघोळ कर. धुतलेलं नेस."

"अव्वा, मी काल सांगितलंय..."

"धरमासाठी न्हवं गं. माझ्यासाठी. हात कापायलेत माझे. कलश पडला तर?"

मी अंघोळ केली. माझ्या केसांवर पुन्हा फडकं बांधताना चंपाक्कानं गाठ जरा हळू मारली.

दारात ऊन तापलं होतं. अव्वाच्या हातातला कलश सारखा हलत होता, पाणी तिच्या मनगटावरून ओघळत होतं. समोरून पांढरी साडी येताना दिसली तसा तो जास्तच हलायला लागला. मी शेजारी सरकले आणि तिच्या हातांखाली माझा हात घातला. पितळ गार होतं आणि तिची बोटं त्याहून गार.

"हे माताजी, वंदामि, वंदामि, वंदामि..." आज अव्वाचा आवाज फुटेना. उरलेलं मी म्हटलं. मला जमायचं नाही म्हणाले होते, ते सगळं बोलून गेले. "अत्र तिष्ठ, तिष्ठ. आहार-जल शुद्ध आहे."

आक्का आमच्यासमोर उभी राहिली. तिनं कलशाकडे पाहिलं, पाहतच राहिली. मग खांद्यावरचा हात खाली घेतला.

"जुळला!" मागून चंपाक्का कुजबुजली. "जुळला गं बाई, नेम जुळला!"

अव्वाच्या तोंडावर त्या वेळी जो आनंद होता, तो मी त्याआधी कधी पाहिला नव्हता आणि त्यानंतर पाहायची वेळच आली नाही. आम्ही आक्काला तीन प्रदक्षिणा घातल्या, आत नेलं, पाटावर बसवलं. रीतीप्रमाणे पाय धुवायचे असतात. अव्वा कशीबशी खाली बसली आणि तिनं आपल्या लेकीचे पाय तांब्याच्या पाण्यानं धुतले. भेगा पडलेल्या टाचेवरून तिचा अंगठा दोनदा फिरला. मग तिनं वाकून त्या पायांवर डोकं ठेवलं. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. टिपूस नव्हता.

"मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध हाय," अव्वा एका दमात म्हणाली.

आक्कानं ओंजळ पुढे केली. अव्वानं आधी कोमट पाणी घातलं. दोन दिवसांचं तहानलेलं माणूस जसं पिईल तसं ती प्यायली नाही. सावकाश, घोट घोट, दोन ओंजळी. मग अव्वानं दूधभात कालवला. लहानपणी कालवायची तसा, बोटांनी शितं मोडून मोडून. पहिला घास तिनं ओंजळीत ठेवला. आक्कानं अंगठ्यानं तो चाचपून पाहिला, केस-खडा नाही ना, आणि खाल्ला. अव्वा दुसऱ्या घासाला वळली. जेवताना माताजी मौन असतात, आणि अव्वाला जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं.

दुसरा घास. तिसरा. मी शेजारी दुधाची तपेली धरून उभी होते. डोकं रिकामं होतं, आणि रिकाम्या डोक्यात माझ्या धंद्याची खोड सुरू झाली. काल आणि आज यांत फरक काय? दूध तेच, वेळ तीच, दार तेच. नारळही कालचाच. लुगडं हिरवं, पण समोरच्या नेजेंच्या दारात काल तिघी हिरव्या लुगड्यांत उभ्या होत्या, तिथं ती थांबली नव्हती. मग आज असं काय होतं, जे काल गावात कुठल्याच दारात नव्हतं?

माझा हात. एका कलशाला दोघींचे हात.

काल ती कलशाकडे बघून आत गोठ्यापर्यंत बघत होती, ती घर बघत नव्हती. ती मला शोधत होती. नेम तिनं खोटा धरला नाही, आम्हाला सांगितलाही नाही. पण आम्ही दोघी एकत्र दिसलो तरच थांबायचं, असं मनाशी धरून ती निघाली होती. आणि मी दगड होऊन पायरीवर बसून राहिले, म्हणून माझी बहीण त्या उन्हात पाण्यावाचून राहिली. अठरा वर्षं मी समजत होते की तिनं टाकलं ते फक्त अव्वाला. मला कुणी टाकलं आहे, किंवा मी कुणाला हवी आहे, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

अव्वानं चौथा घास ओंजळीत ठेवला. आक्कानं मान खाली घालून तो खाल्ला, आणि पुढच्या घासासाठी ओंजळ पुढे केली. आणि माझ्या घशातून हुंदका बाहेर पडला. दाबायला गेले तर तो मोठा झाला. तपेली हातातून सुटली, दूध सगळीकडे झालं, आणि मी तोंडावर दोन्ही हात धरून लहान पोरीसारखी रडायला लागले.

डोळ्यांवरचे हात काढले तेव्हा आक्काची ओंजळ उघडलेली होती. पाचवा घास खालच्या परातीत पडला होता.

अव्वा तशीच बसून होती, भाताचा हात हवेत. "माताजी," ती म्हणाली, "येकच घास..." आणि मग तिला नियम आठवला. आक्कानं हात धुतले. पाण्याचा थेंब ओठाला न लावता उठली. पिंछी घेतली आणि कुणाकडेही न बघता दारातून निघून गेली.

"इतकी वर्सं गाव तुला दगड म्हणतंय," चंपाक्का दात खाऊन म्हणाली. "आजच बरा पाझर फुटला तुला! आईला सतरांदा बजावत होतीस न्हवं?"

संध्याकाळी संघ निघाला. चौदा किलोमीटरची वाट, रस्ता अजून तापलेला. गावातली पन्नासेक माणसं वेशीपर्यंत पोचवायला गेली, मी सगळ्यांच्या मागे. दोन दिवसांत पोटात दोन ओंजळी पाणी आणि चार घास घेऊन माझी बहीण चालत निघाली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. वळायचं नसतंच.

घरी आले तेव्हा अव्वा अंधारातच भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्या पायांशी बसले. म्हटलं, "मार मला."

"कशाला?" ती म्हणाली. "चार घास गेलं की पोटात. माझ्या हातचं गेलं."

"मी रडले नसते तर पोटभर जेवली असती."

अव्वानं माझ्या डोक्यावरचं फडकं सोडलं. सकाळपासून मी ते तसंच बांधून फिरत होते. "मलाबी रडायचं हुतं गं," ती म्हणाली. "लई रडायचं हुतं. तू माझ्या वाटचं रडलीस. जाऊ दे."

ती दिवाळीपर्यंत राहिली नाही, श्रावणातच गेली. शेवटचा महिनाभर चंपाक्का रोज संध्याकाळी येऊन तिच्या उशाशी णमोकार मंत्र म्हणत बसायची, तिचं अंथरूण बदलायची, मला जबरदस्तीनं जेवायला उठवायची. बसदीतल्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. अण्णा ऐन सुगीत गेले तेव्हाही असंच झालं होतं. न बोलावता समाजातली बारा माणसं आमच्या रानात उतरली आणि दोन दिवसांत भुईमूग काढून घरी आणून टाकला. यांनीच माझ्या बहिणीचे केस उपटताना जयजयकार केला होता. माणसं तीच, धर्म तोच. एकाला हात जोडायचे आणि दुसऱ्याला शिव्या द्यायच्या म्हटलं, तर त्यांना वेगळं कसं करायचं ते मला कळलं नाही. दूध असतं तर काढलं असतं फॅट.

अव्वा गेल्याचा निरोप संघाकडे गेला. उत्तर आलं नाही. येत नसतं.

त्यानंतर आठ वर्षांनी मी आक्काला भेटले. संघाचा चातुर्मास सोलापूरच्या बाजूला एका गावात होता. ती आता वाकली होती, दृष्टीही कमी झाली होती. मी वंदामि म्हटलं, तर आवाजावरून ओळखलं तिनं. मी मनात ठरवून गेले होते, ते बोलून टाकलं.

"माझ्यामुळं झालं. अव्वाला तुला पोटभर घालायचं होतं, आणि मी रडले. मरेपर्यंत ती ‘चार घास, चार घास’ म्हणत होती. मला रोज आठवतं."

तिनं पिंछी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "खुळी हाईस."

मी दचकले. सव्वीस वर्षांत तिच्या तोंडून आमच्या घरची बोली मी ऐकली नव्हती.

"तुझ्यामुळं नाही झाला तो अंतराय," ती पुन्हा पुस्तकातलं बोलू लागली. "तू रडलीस ते मला नंतर ऐकू आलं. त्याच्या आधी माझ्याच डोळ्यांतलं पाणी माझ्या ओंजळीत पडलं होतं. अव्वा शितं मोडत होती, ते बघून. मान खाली होती, म्हणून कुणाला दिसलं नाही. ओंजळ मी माझ्यासाठी उघडली, राजमती. तुझ्यासाठी नाही."

मी तिच्यासमोर बसून राहिले. त्या दिवशी मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते, पण माझे डोळे झाकलेले होते, त्यामुळे तिच्या ओंजळीत काय पडलं ते मी पाहिलेलं नाही. आणि माताजींना खोटं बोलता येत नाही. सत्य हे त्यांचं महाव्रत. ते मोडलं तर सगळं आयुष्य चाललेली वाट वाया जाते, असं त्या मानतात.

म्हणजे ती खरं बोलली असेल, तर त्या दिवशी अव्वासमोर निर्मोहमती माताजी नव्हती, अव्वाची लेक बसली होती, आणि ती रडली होती. आणि खोटं बोलली असेल, तर आज माझ्यासमोर माझी बहीण बसली होती, आणि माझा जीव हलका व्हावा म्हणून तिनं आपलं सगळ्यात मोठं व्रत मोडलं होतं. यातलं कुठलं खरं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. घरी सांगायला अव्वाही नव्हती.

निघताना तिनं पिंछी उचलून आशीर्वाद दिला. मला एकदा, फक्त एकदा, तिला आक्का म्हणून हाक मारायची होती. शब्द ओठांवर आला होता.

मी वंदामि म्हटलं आणि उठले. आक्का म्हटलं नाही. ती ओ देईल, अशी भीती वाटली.